रागाचं पथ्य

सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी तोंडात ठरेना. डाव्या कोपऱ्यातून धार सुटली ती थेट पदरावर. घाई झाली असेल म्हणून परत भरली, परत तेच. मग आरशात बघितलं. उजवी बाजू माझीच होती. डावी बाजू गालापासून खाली ओघळली होती आणि कपाळावरच्या आठ्या निम्म्यावरच संपल्या होत्या. डोळे मिटून बघितले तर उजवा मिटला, डावा तसाच टक्क उघडा.

मी आतून हाक मारली. ‘अहो’ नीट निघालं, पुढचं ‘बघा’ निघेना. ब, प, म ओठांवर येऊन निसटत होते. आमचे विलासराव पेपर घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वारं गेलं.” आमच्याकडे अर्धांगाला असंच म्हणतात. एवढं बोलून ते स्वतःच कॉटवर बसले. ते उठेनात. शेवटी मीच पातळ बदललं, मीच रिक्षा थांबवली आणि दवाखान्याची वाट त्या रिक्षावाल्याला बोटाने दाखवली. हे मी त्यांना बरेच दिवस बोलून दाखवलं नाही. इथे आधीच लिहून ठेवते.

हसा

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने भुवया वर करायला लावल्या, गाल फुगवायला लावले, दोन्ही हात पुढे धरून डोळे मिटायला सांगितलं. मशिनीत घालून डोक्याचा फोटोही काढला. मग म्हणाले, मेंदूला काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. बहुतेकांचं बरं होतं, वेळ लागतो, एखाद्याचं थोडं राहून जातं. गोळ्या लवकर चालू व्हाव्या लागतात आणि तुम्ही त्याच दिवशी आलात, हे बरं झालं. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची.

एखाद्याचं थोडं राहून जातं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी मला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, मग घाईने सलाईनच्या बाटलीकडे बघायचा. सिस्टर दर खेपेला येऊन म्हणायच्या, “हसा बघू.” मी हसायचा प्रयत्न करायचे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला कुणी इतक्यांदा हसायला सांगितलं नव्हतं. चहा प्यायचा तर रुमाल हनुवटीला धरून. भात डाव्या गालात जाऊन बसायचा आणि बोटाने काढावा लागायचा. मी भिंतीकडे तोंड करून जेवत होते.

संध्याकाळी धाकटे दीर आले. सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडून म्हणाले, “डोक्याचं न्हाय न्हवं? मग सुटलो.” सुटलात नाही, सुटलो म्हणाले. मी त्या ‘लो’चा विचार करत पडून राहिले.

डंक

मंगळवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा डंक होता. मिरची कांडायचं मशीन. लोखंडी उखळात लोखंडी मुसळं वरखाली होतात, मोटारीवर पट्टा फिरतो आणि सगळ्या गल्लीला ठसका लागतो. माहेरच्या पाटल्या मोडून मी तो घेतला होता. कागलला आईला कळलं तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. पुढे तीच दर उन्हाळ्यात मिरच्या घेऊन यायची.

कोल्हापुरात वर्षाची चटणी घालणं हे लहान काम नाही. शिमगा झाला की बाया पिशव्या घेऊन यायच्या. ब्याडगी आणि लवंगी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि माझी चटणी दुसरीच्या चटणीला लागता कामा नये म्हणून बाई स्टूल घेऊन उखळाशेजारी बसणारच. बसली की बोलणारच. गल्लीत मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. डंकवाल्या वहिनी म्हणत. नवऱ्याची डेअरीतली नोकरी होती, ती घर चालवत होती. डंक मला चालवत होता.

डॉक्टरांनी मिरचीच्या धुरळ्यात बसायला बंदी केली. बरोबरच होतं, डोळा मिटत नाही तिथे तिखट गेलं तर बुब्बुळ जायचं. मी स्वतःच दाराला पाटी लावायला सांगितली, काही दिवस बंद. पाटी विलासरावांनी लिहिली. त्यांनी नुसतं ‘बंद’ एवढंच लिहिलं. मी म्हटलं असेल, खडू संपला असेल.

जीभ दाखवा

गोळ्यांचा कोर्स संपत आला तरी तोंड जागेवर येईना. मागच्या गल्लीतल्या आक्काताई माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं गुडघ्याचं दुखणं कळंब्याकडे एक डॉक्टरबाई सुया टोचून कमी करतात, असं त्या म्हणाल्या. चिनी पद्धत. विलासरावांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. तिथे गेल्यावर डॉक्टरबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की चेहऱ्याला वारा लागू द्यायचा नाही. चिनी लोकही या दुखण्याला वाऱ्याचंच दुखणं म्हणतात. म्हणजे वाऱ्यावर औषध घ्यायला आम्ही रोज गावभर वारा खात जाणार. मी तोंडाला मफलर गुंडाळून जायला लागले. सिग्नलला लोकांना मी चोर वाटत असेन.

बाई आमच्याच भागातल्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, “दवाखान्याच्या गोळ्या पुऱ्या करायच्या. सुया म्हणजे जादू न्हाय.” मग त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, आणि ती बघताना शेजारच्या पेशंटशीही बोलल्या नाहीत. जीभ बाहेर काढायला लावली. तोंडाचा एक कोपरा लोंबत असताना परक्या माणसासमोर जीभ काढायची म्हणजे काय, हे ज्याने काढलीय त्यालाच कळेल. त्यांनी बॅटरी धरून शांतपणे बघितली. कडा लाल आहेत म्हणाल्या.

सुया दुखत नाहीत असं लोक सांगतात. टोचतात, मुंगी चावल्याएवढ्या. त्यानंतर जे होतं ते वेगळंच. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टोचलेल्या सुईने सगळा हात जड झाला, पाण्याने भरलेल्या घागरीसारखा. तसा जडपणा आला की बरं, असं बाईंचं म्हणणं. कपाळावर, गालावर, हनुवटीवर, पायाच्या अंगठ्याजवळ सुया. मग पडदा ओढून घ्यायचा आणि पडून राहायचं. पडद्याआड मला कुणी बघत नव्हतं आणि कुणी हसा म्हणत नव्हतं. त्या आजारपणात मला मिळालेलं पहिलं सुख ते.

पडद्यापलीकडच्या कॉटवर एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर असायचे, कंबरेला सुया लावलेले. त्यांचं भजन गुणगुणणं चालू असायचं. त्या पहिल्या दिवशी मला सुया लावून डॉक्टरबाई बाहेर गेल्या आणि विलासरावांना काहीतरी समजावून सांगू लागल्या. पंख्याच्या घरघरीत आणि भजनात मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मला उठता येत नव्हतं. तोंडभर सुया होत्या.

पथ्य

घरी आल्यावर विलासरावांनी पथ्य जाहीर केलं. भावजी, जाऊबाई, सगळे बसले होते. कोमट पाणी प्यायचं. गार, शिळं नाही. लवकर झोपायचं. संध्याकाळी पाय गरम पाण्यात ठेवायचे. आणि मुख्य म्हणजे राग करायचा नाही.

“चिनी शास्त्रात परत्येक भावना एकेका अवयवात ऱ्हाती,” ते म्हणाले. “भीती मूत्रपिंडात, दुःख फुफ्फुसात. आणि राग लिव्हरमधी. हिच्या जिभेच्या कडा लाल हाईत. म्हंजे राग.”

सगळ्यांनी मान डोलावली. मला न विचारता माझ्या दुखण्याचं कारण सापडलं होतं, आणि ते मीच होते.

खरं सांगायचं तर बाईंनी दुधाबद्दलही सांगितलं होतं. ते माझ्यासमोरच. सायीचं दूध अंगात ओल धरतं, माझ्यासाठी आणि त्यांच्या वजनासाठीही नको म्हणाल्या होत्या. पण आमचे विलासराव रोज संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर जाऊन, समोर पिळलेलं म्हशीचं ताजं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणारे. चीनला दुधातलं काय कळतंय, असं म्हणून त्यांनी ते कलम काढून टाकलं. लवकर झोपायचं कलम बातम्यांपायी गेलं, टीव्ही माझ्या उशाशीच होता. राहिलं एक रागाचं. ते मात्र घरातल्या लहानथोरांनी डोळ्यात तेल घालून पाळलं. माझ्याकडून पाळून घेतलं.

थेंब घालायची वेळ चुकली म्हणून बोलले, तर लिव्हर. ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकला, लिव्हर. जाऊबाईंनी पाहुण्यांना हाक मारून माझं तोंड दाखवलं तेव्हा मी आत निघून गेले, तर मागून आवाज आला, बघा, लिव्हर.

आणि मी मानलं. याचीच मला अजून चीड येते. मी भ्याले होते. प्रत्येक रागासरशी नस सुजून राहील, तोंड असंच राहील, ज्यांचं थोडं राहून जातं त्यांच्यातली मी होईन, असं मला खरंच वाटत होतं. तिकडे दवाखान्यात व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपीची मुलगी सांगायची, आरशासमोर उभं राहून रोज रागावल्यासारखं करा. भुवया आवळा, नाक फुगवा, दात दाखवा. म्हणजे राग करायचा तो आरशापुढे, कारण नसताना. कारण असलं की गप्प.

शिमगा झाला. बाया पिशव्या घेऊन दारापर्यंत यायच्या, पाटी वाचून जायच्या. आक्काताईंनी त्यांच्या मिरच्या डब्यात घालून ठेवल्या. तू बरी झालीस की कांडू, म्हणाल्या. माझ्या डोळ्याची पापणी आता निम्मी खाली येत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून थोडं. चष्मा लावून, तोंड झाकून बसता येईल. मी दिवस मोजत नव्हते, पण वास मोजत होते. कुठल्या गल्लीत कांडप चाललंय ते मला घरात बसून कळत होतं.

एकदा जेवताना भावजींनी विषय काढला. जाऊबाईंच्या भावाला मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायला जागा हवी आहे. पुढची खोली नाहीतरी बंदच आहे. भाडं येईल, वहिनींना आराम मिळेल. मी तोंड उघडलं. विलासरावांनी हात वर केला.

“शांत. डॉक्टरबाई काय म्हटल्यात?”

मी भात गिळला, डाव्या गालातला बोटाने काढून.

कुणी सांगितलं?

एके दिवशी विलासराव मला सोडून लगेच परत फिरले. डेअरीत काम आहे, दोन तासांनी न्यायला येतो म्हणाले. डॉक्टरबाईंनी नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली आणि विचारलं, झोप कशी आहे. मी शहाण्या मुलीसारखं सांगितलं, झोप नाही, पण राग अजिबात करत नाही. सगळं पथ्य पाळतेय.

“राग करू नका म्हणून कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, तुम्हीच. यांना.

बाईंनी माझं मनगट सोडलं. “मी त्यांना काय सांगितलं ठावं हाय? बाई राग गिळत्यात. त्यो आत कोंडतोय. त्यांना बोलू द्या, मधी तोडू नगा. दोनदा सांगितलं. व्हय व्हय म्हटले की.”

मग त्यांनी नेहमीसारख्या सुया लावल्या आणि पडदा ओढला. मी वर छताकडे बघत पडले. यांना ऐकू कमी येतं असं नाही. विसरतात असंही नाही, मिरचीचा दर यांना चार वर्षांपूर्वीचा पाठ असतो. यांनी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. दोनदा. आणि घरी येताना त्यातलं जे सोयीचं तेवढं घेऊन आले, भाजी निवडल्यासारखं. मला रडू आलं. डाव्या डोळ्यातून पाणी नुसतं वाहत होतं, पण ते नेहमीच वाहायचं. खरं रडले ते उजव्या डोळ्याने.

पलीकडचं भजन थांबलं होतं. ड्रायव्हर काका पडद्याआडून म्हणाले, “ताई, सुया काढल्या की घरी जाऊन बोला.”

रस

विलासराव न्यायला आले. वाटेत मी बोलले नाही, मफलरमध्ये बोलता येत नाही आणि मला त्यांचं तोंड समोर हवं होतं. पेठेच्या अलीकडे त्यांनी स्कूटर रसाच्या गाड्यापाशी उभी केली. म्हणाले, थोडा रस पिऊ. बर्फ घालून? मी बघतच राहिले. ज्या माणसाने मला माठातलं पाणी पिऊ दिलं नव्हतं तो मला बर्फाचा रस पाजत होता. मी नको म्हटलं. त्यांनी स्वतः एक प्यायला, मग सावकाश आणखी एक.

गल्लीच्या तोंडाला आलो तेव्हा मला कळलं रस कशासाठी होता. आमच्या दारात टेम्पो उभा होता. टेम्पोत माझी मोटार, गुंडाळलेला पट्टा, आडवी टाकलेली मुसळं आणि उपडी घातलेली उखळं. एका उखळाच्या कडेला मागच्या हंगामातली लाल रेघ तशीच होती. भावजी दोरी आवळत होते. डंक विकला होता आणि टेम्पो निघेपर्यंत मला बाहेर ठेवायचं ठरलं होतं, पण दोरी आवळायला उशीर झाला.

मी मफलर काढला. आणि बोलले. कागलच्या पाटल्यांपासून बोलले. रिक्षा कुणी थांबवली इथून बोलले, सुटलो कोण म्हणालं इथून बोलले. बाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आत्ता या सगळ्यांसमोर सांगा, म्हटलं. हा डंक उतरवा, म्हटलं. ब आणि प अजून नीट निघत नव्हते, थुंकी उडत होती, मला त्याची लाज वाटली नाही. गल्लीतल्या बाया दारात आल्या. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. क्षणभर मला वाटलं, ऐकलं.

विलासराव माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. मग ते एकदम वळले आणि घराकडे तोंड करून ओरडले.

“अरं या बाहेर! भुवई हलली! हिची डावी भुवई हलली बगा!”

जाऊबाई धावत आल्या. भावजींनी दोरी सोडून जवळ येऊन बघितलं. परत करा, परत करा, म्हणाले. मी डंक उतरवा म्हणत होते आणि ते, हां, आत्ता बघा, आत्ता हलली, म्हणत होते. मी जितकी ओरडले तितका त्यांना आनंद झाला. विलासरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं, तेच तर वाईट. मी काय बोलतेय ते कुणी ऐकलं नाही, सगळे माझं कपाळ बघत होते. पेढे आणायला कुणीतरी पळालं. त्या गडबडीत टेम्पोवाल्याला वाटलं झालं असेल काम. तो निघून गेला.

टेम्पोवाल्याचं उरलेलं भाडं द्यायला विलासराव त्याच्यामागे धावले. मला पेढा भरवायलाही तेच आले. तो मी उजव्या बाजूने चावला.

ज्यांना हे झालंय त्यांच्यासाठी

तोंड वाकडं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्याला जपा, तो सगळ्यात आधी. सुयांनी मला बरं केलं की गोळ्यांनी की नुसत्या दिवसांनी, मला सांगता येणार नाही, आणि डॉक्टरबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण मी अजूनही संध्याकाळी पाय गरम पाण्यात ठेवते, अंगठ्याजवळचं बेचकं दाबते, सकाळी आरशात जीभ बघते. गार वारा असला की कान झाकते. या गोष्टींनी कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते तुमचे डॉक्टर बाहेर दुसऱ्याशी बोलतात तेव्हा. सुया काढेपर्यंत थांबवा त्यांना. म्हणावं, माझ्यासमोर बोला. शरीर माझं आहे, निरोप्या नको.

माझं थोडं राहून गेलं. हसले की डावा डोळा आपोआप मिटतो. नस परत जोडली जाताना तारा थोड्या चुकतात, असं व्यायामवाली मुलगी म्हणाली. यावर फार इलाज नाही.

पुढच्या खोलीत आता काचेचं दार आहे आणि रंगीत कव्हरं टांगलेली आहेत. आक्काताईंनी त्यांच्या मिरच्या शेवटी दुसरीकडे कांडून आणल्या आणि आठवडाभर माझ्या घरापुढून जायचं टाळलं. आमच्या घरात यंदा चटणी घातली नाही. मी दुकानातून पाकीट आणते.

परवा मटण केलं होतं. विलासरावांनी तांबड्या रश्शाचा पहिला भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली. रंग हाय, चव न्हाय, म्हणाले. ही काय चटणी हाय? कुठली आणलीस? आवाज चढला, कपाळाची शीर दिसायला लागली. भावजींनीही ताट सरकवलं.

मी त्यांना वाढता वाढता म्हटलं, “शांत. राग करू नका. लिव्हरला बरा नसतो.”

आणि हसले. हसले तसा डावा डोळा मिटला. विलासरावांना वाटलं, मी डोळा घालतेय. ते खूश झाले, भावजींना कोपर मारून म्हणाले, बघ, वहिनी चेष्टेवर आली, म्हणजे बरी झाली.

मी चेष्टा करत नव्हते.